दोन लंका : रूप, संकेत आणि प्रेक्षक

पडद्यावरच्या दोन लंकांविषयी येथे लिहावयाचे आहे. दोन्ही मराठी दिग्दर्शकांनी उभारल्या. पहिली धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' या मूकपटासाठी उभारली आणि जाळली. दुसरी ओम राऊत यांनी 'आदिपुरुष' या चित्रपटासाठी संगणकावर रचली. ती १६ जून २०२३ रोजी प्रेक्षकांपुढे आली. दोहोंमध्ये १०६ वर्षांचे अंतर आहे. पहिल्या लंकेपुढे लोकांनी हात जोडले, दुसरीवर ते संतापले. या फरकाचे कारण सामान्यतः असे सांगितले जाते की, फाळक्यांनी लोकांच्या मनातले रूप जसेच्या तसे दाखवले आणि राऊतांनी ते मोडले. हे कारण आम्हांला अपुरे वाटते. इतिहास पाहिला तर ते बऱ्याच अंशी उलटेच आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, पुराणकथेवर चित्रपट करणाऱ्याची अडचण वेगळीच असते. त्याच्या प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असते; शेवट ठाऊक असतो; पात्रे ओळखीची असतात. तो नवे काही कळावे म्हणून येत नाही, ठाऊक असलेले कसे दिसते ते पाहायला येतो. पाश्चात्त्य देशांत ही अडचण अलीकडे पूर्वकथापटांच्या निमित्ताने चर्चेत आली. गाजलेल्या चित्रमालिकेच्या आधी काय घडले ते सांगणारे चित्रपट तेथे निघू लागले आणि चाहत्यांनी त्यांतील प्रत्येक वेष, प्रत्येक वाडा, प्रत्येक राक्षस आधीच्या चित्रांशी ताडून पाहिला. आपल्याकडे ही ताडून पाहण्याची सवय फार जुनी. पुराणात कोणत्याही कथेला मागची कथा असतेच आणि तिच्याही मागे कुणाचा तरी पूर्वजन्म किंवा शाप उभा असतो. फाळक्यांनी १९१३ साली ज्या हरिश्चंद्रापासून आरंभ केला तो तर रामाचाच पूर्वज. मराठी चित्रपटाचा जन्मच मुळी पूर्वकथेतून झाला, असे कुणी गमतीने म्हटले तर ते अगदीच निराधार ठरणार नाही.

फाळक्यांच्या प्रेक्षकाने राम-सीता पूर्वी कुठे पाहिल्या होत्या, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर एक नाही. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतली चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण गात; पैठणी धाटणीच्या चित्रांत मोठ्या डोळ्यांची, बाजूने दिसणारी, गडद रंगांची माणसे असत. ते राम-रावण आज आपल्यापैकी पुष्कळांना ओळखूही येणार नाहीत. मग १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तैलचित्रांच्या छापील प्रती घरोघर पोचल्या. देवांना मांसल देह आला, अंगावर सावली पडू लागली, पुराणातल्या स्त्रिया दक्षिणी धाटणीच्या लुगड्यांत दिसू लागल्या. आमच्या वऱ्हाडातील जुन्या माळवदाच्या घरांत देवघराच्या भिंतीवर जी रामपंचायतने काचेआड टांगलेली असत, ती याच परंपरेतली. १९१६ साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे 'चित्ररामायण' निघाले, म्हणजे 'लंकादहन'च्या केवळ एक वर्ष आधी. लक्षात घ्यावयाचे ते हे की, १९१७ मध्ये जे रूप 'पूर्वापार' वाटत होते त्याचे वय वीस-पंचवीस वर्षांहून अधिक नव्हते.

फाळके या छापील चित्रांच्या जगातूनच आलेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण केले, पुरातत्त्व खात्यात नकाशे-रेखाटने केली, रविवर्मा छापखान्यासाठी ठसे तयार केले. येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही हकीकत त्यांनीच 'नवयुग' मासिकातल्या लेखांत सांगितली आहे. तेव्हा लोकांच्या भिंतीवरचे चित्र त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही त्यांनी पडद्यावर काय दिले? 'लंकादहन'मधला राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारा हा तरुण 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला होता. सीतेचे दंड पुरुषाचे होते आणि ते लपत नव्हते. रविवर्म्याच्या सीतेशी या सीतेचे रूपसाम्य जवळजवळ नाही. पण पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत आणि नमस्कार करीत, अशा आठवणी नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणजे प्रेक्षकाची अपेक्षा चेहऱ्याची नव्हती, ती संकेताची होती. पुरुषाने स्त्री होणे हा संगीत रंगभूमीने पक्का केलेला संकेत होता. बालगंधर्वांच्या काळातील माणसाला त्यात खटकण्यासारखे काही नव्हते. हनुमानाची शेपटी, रामाचे धनुष्य, सीतेची मान खाली घातलेली बैठक, अशोकवृक्ष एवढ्या खुणा पुरेशा होत्या. बाकीचे प्रेक्षक आपल्याजवळचे घालीत असे. कीर्तनात तरी दुसरे काय होते? एकच बुवा उपरणे खांद्यावर टाकून दशरथ होतो, तेच डोक्यावरून घेऊन कैकेयी होतो आणि समोरच्या बायका डोळे पुसतात.

'लंकादहन'चे आता काही तुकडेच उरले आहेत, पण १९१९ चा 'कालियामर्दन' बऱ्याच प्रमाणात पाहावयास मिळतो आणि या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. देवाचे बालपण दाखवणे हे पूर्वकथापटाचे सर्वांत अवघड काम, कारण मोठेपणीचे रूप सर्वांच्या मनात ठरलेले असते. फाळक्यांनी बालकृष्णाच्या भूमिकेसाठी आपली मुलगी मंदाकिनी निवडली. चित्रपटाच्या आरंभी ते तिला साध्या मुलीच्या रूपात समोर आणतात. ती निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. आणि मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. आधी मूल दाखवले, नंतर देव. फसवणूक काहीच नाही. 'ही माझी मुलगी आहे, आता हिला कृष्ण माना,' असा जणू करारच येथे प्रेक्षकाशी होतो आणि प्रेक्षक तो आनंदाने पाळतो. आजच्या कोट्यवधींच्या चित्रपटांत एवढा धीटपणा आम्हांला क्वचितच दिसला.

कोल्हापूरकडे वळले की दृश्यरचनेचा विचार आणखी पुढे गेलेला आढळतो. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या 'सैरंध्री'मधला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर कात्री चालवावी लागली. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी पुढे 'प्रभात'मध्ये 'संत तुकाराम' (१९३६) केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. तुकोबांचा चेहरा कोणता, हे १९३६ पूर्वी निश्चित नव्हते. विष्णुपंत पागनीस यांनी ती भूमिका केली आणि त्यानंतरच्या दिनदर्शिकांवर, तसबिरींवर, गणपतीच्या आराशीत जो तुकाराम दिसू लागला तो पागनीसांचाच होता. येथे प्रवाह उलटा वाहिला. चित्रपटाने भिंतीवरची तसबीर उचलली नाही. भिंतीने चित्रपटातला माणूस उचलला. पुढच्या प्रत्येक तुकारामाला मग पागनीसांशी ताडून पाहण्यात आले. चाहत्यांची अपेक्षा कशी घडते याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत नाही.

मध्ये एक अपवाद नोंदवलाच पाहिजे. विसाव्या शतकात मराठी घरांत सर्वाधिक मुरलेले रामायण डोळ्यांनी पाहायचे नव्हतेच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गीतरामायण झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, ५६ गीते आणि चित्र एकही नाही. ज्या पिढीने ते ऐकले तिच्यापैकी प्रत्येकाचा राम निराळा असणार आणि त्याबद्दल कुणी कुणाशी भांडले नाही. भांडायला समान चित्रच नव्हते!

ते समान चित्र २५ जानेवारी १९८७ रोजी आले. रामानंद सागर यांचे दूरदर्शनवरील 'रामायण' ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चालले. त्या श्रेयनामावलीत इतर रामायणांबरोबर एकनाथांच्या भावार्थरामायणाचाही उल्लेख असे. पण डोळ्यांना जे दिसे ते छापील दिनदर्शिका, पारशी नाटकमंडळ्या आणि जुने पौराणिक बोलपट यांचे मिश्रण होते. अरुण गोविल यांचे मंद स्मित, दारासिंग यांचा हनुमान, अरविंद त्रिवेदी यांचा मुकुटधारी गडगडाटी रावण. खेड्यात एखाद्याच घरी दूरदर्शन संच असे आणि ओसरीपासून अंगणापर्यंत माणसे बसत. कितीएक ठिकाणी संचाला हार घातला जाई. कलादृष्ट्या त्या मालिकेतील देखावे सामान्य होते, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो आणि त्यांना ते आवडत नाही. परंतु तिचा परिणाम सामान्य नव्हता. शेकडो वर्षे जे रूप गावोगाव बदलत होते ते ७८ भागांत सबंध देशासाठी एक झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत तीच मालिका पुन्हा दाखवली गेली आणि जी मुले २००० नंतर जन्मली त्यांच्याही मनात तेच रूप जाऊन बसले.

या पार्श्वभूमीवर २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत 'आदिपुरुष'ची पहिली झलक प्रसिद्ध झाली. त्या आठवड्यात आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. रावणाचे केस बारीक कापलेले, दाढी राखलेली, डोळ्यांत काजळ. पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारखा काळा पक्षी. लंका काळ्या पाषाणाची. हनुमानाच्या अंगावर चामड्याचे पट्टे वाटावेत असा वेष. मध्यप्रदेशाच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी आक्षेप घेतला, विश्व हिंदू परिषदेने घेतला, महाराष्ट्रातही बंदीची भाषा झाली. जानेवारी २०२३ चे प्रदर्शन जूनवर ढकलण्यात आले, दृश्यांवर पुन्हा काम झाले. प्रदर्शनानंतर संवादांवरून नवा गदारोळ उठला आणि काही संवाद बदलावे लागले. हनुमानाच्या भूमिकेत देवदत्त नागे होते. हेच नागे २०१४ पासून 'जय मल्हार' मालिकेत खंडोबा झाले होते आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले होते. म्हणजे नट नवा नव्हता, देवाच्या भूमिकेत अपरिचितही नव्हता. राऊतांचेच 'तान्हाजी' (२०२०) याच प्रेक्षकाने उचलून धरले होते आणि त्यात उदयभान झालेले सैफ अली खान हेच येथे रावण होते. उदयभानाची तसबीर कुणाच्या घरी नव्हती, म्हणून तेथे वेषाचे स्वातंत्र्य खपून गेले, एवढे मात्र खरे.

'आदिपुरुष'चे चुकले कुठे? वर्गातली मुले म्हणत होती, 'सर, रावण असा नसतो.' आम्ही विचारले, 'मग कसा असतो?' त्यांनी वर्णन केले ते अरविंद त्रिवेदींचे. हा आक्षेप आम्हांला मान्य नाही. रावणाने दाढी राखावी की मिशा, याचा निर्णय १९८७ साली कायमचा झालेला नाही. पण दुसरा एक आक्षेप आहे आणि तो कुणी फारसा घेतला नाही. लंका सोन्याची आहे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान लंकेत शिरतो तेव्हा तिचे वैभव पाहून थक्क होतो. रावणाला सभेत पाहतो तेव्हा त्याच्या रूपाने, तेजाने, धैर्याने क्षणभर दिपून जातो. हा वैरी कुरूप नाही. तो असा देखणा, विद्वान आणि ऐश्वर्यवान आहे, म्हणूनच त्याचे पडणे हा विषय होतो. सोन्याचे नगर जळते यात अर्थ आहे. जे पहिल्या दृश्यापासूनच कोळशासारखे काळे आहे त्याला आग लागून काय व्हायचे? फाळक्यांनी आपल्याजवळच्या तुटपुंज्या साधनांनी निदान एक नगर उभारले आणि मग जाळले. राऊतांच्या लंकेत राख आधीच होती.

ही काळी लंका आली कुठून, हे ओळखणे कठीण नाही. पाश्चात्त्य अद्भुतपटांत काळा गड, उडणारा काळा पशू, अंधारातून धावून येणारी सेना हे पक्के झालेले संकेत आहेत. ते तेथे अर्थपूर्ण आहेत, कारण तेथील दुष्टशक्ती ही निव्वळ अंधाराची आहे. रावण अंधाराचा नाही. संकेत उचलले गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा अर्थही मुकाट्याने आत आला. आपल्याकडील तरुण प्रेक्षकाने ते परदेशी चित्रपट पाहिलेले असतात. त्यामुळे त्याला रावणाऐवजी दुसराच कुणी ओळखू आला.

पूर्वकथापटांची तुलना येथे उपयोगी पडते. 'स्टार वॉर्स'चा १९७७ चा पहिला चित्रपट मळलेल्या, पोचे पडलेल्या यानांसाठी गाजला होता. १९९९ साली त्याची पूर्वकथा आली तेव्हा यान आरशासारखे चकचकीत झाले. चाहते रागावले, आधीचा काळ नंतरच्या काळापेक्षा नवा कसा, असे त्यांनी विचारले. परंतु त्या रचनेमागे विचार होता: समृद्ध काळ आधी, पडझड नंतर. चित्रपट कसाही असो, ती झळाळी कथेला धरून होती. 'हॉबिट'च्या तीन चित्रपटांत (२०१२ ते २०१४) उलटे झाले. आधीच्या मालिकेत मुखवटे आणि रंग चढवलेली खरी माणसे राक्षस झाली होती. येथे मुख्य राक्षस संगणकाने घडवले, शिवाय सेकंदाला ४८ चित्रांच्या नव्या पद्धतीने पहिला भाग दाखवला आणि प्रेक्षकांना ते सारे अतिस्पष्ट, म्हणूनच खोटे वाटले. ज्या गोष्टीचा कथेशी संबंध नाही ती केवळ साधन हाताशी आहे म्हणून केली, असा तो दोष. 'आदिपुरुष'चा दोष याच जातीचा आहे. त्याच्या उलट बाजूला युगो साको यांचे जपानी-भारतीय सहकार्यातले रामायणावरील सचेतपट आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते तयार झाले, तेव्हा आपल्याकडे त्याला नीट वाट मिळाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ते भारतात पुन्हा प्रदर्शित झाले. त्यातला राम गोविलांसारखा नाही, रविवर्म्यासारखाही नाही; डोळ्यांची धाटणी थेट जपानी आहे. तरी त्यावर 'असा राम नसतो' असे आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी म्हटले नाही. लंका सोन्याची होती हे त्यांतल्या एकीने आपणहून सांगितले.

शेवटी आपल्याच मातीतले एक-दोन दाखले दिल्यावाचून राहवत नाही, कारण 'आमचा रावण असा नसतो' हे वाक्य निदान वऱ्हाडात उच्चारताना जपले पाहिजे. हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्या डोंगरांत राहणाऱ्या कोरकूंची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापली. तीत सातपुडा-विंध्याचे डोंगर ओस पडलेले पाहून महादेवाला तेथे माणसे वसवण्याची विनंती करणारा जो कोणी आहे, तो रावण. महादेवाने मग वारुळाची तांबडी माती आणवून मुला आणि मुलई ही पहिली जोडी घडवली. मेळघाटात फाल्गुनात मेघनाथाची जत्रा भरते. तेथे मेघनाथ म्हणजे उंच लाकडी खांब. चेहरा नाही, मुकुट नाही, वेष नाही. कोणत्याही रूपकाराला त्यात दुरुस्ती सुचवता यायची नाही.

आणि आमच्याच अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यातील सांगोळा येथे, काळ्या दगडाचा दशमुखी रावण आहे. गावात त्याची कथा सांगतात ती अशी की, तेथे एक ऋषी राहत होते. त्यांच्या पश्चात त्यांची मूर्ती घडवण्याचे काम एका पाथरवटाला सांगितले. आणि त्याच्या हातून घडला तो दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण. गावाने मागितला होता एक, पुढ्यात आला दुसराच. ती मूर्ती गावाने ठेवून घेतली. दसऱ्याला तिथे दहन होत नाही, पूजा होते.